चिठ्ठीवर कुठलं नाव

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो, त्या काकूंच्या गळ्यात २००४ च्या हिवाळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सुईने तपासून सांगितलं, काढून टाका, वाट बघू नका. काकूंनी भीतीने ऑपरेशनची तारीख एकदा कॅन्सल केली होती, दुसरी मिळाली होती पुढच्या मंगळवारची. काका सोमवार ते गुरुवार प्रोजेक्टसाठी दुसऱ्या राज्यात असत. जाताना मला म्हणायचे, "तू जरा बघ रे." काय बघायचं ते बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शेजारच्या ज्यू बाईंनी काकूंना त्यांच्या धर्मातल्या एका सिद्धपुरुषाबद्दल सांगितलं. ते शिकागोच्या उत्तरेला एका भक्ताच्या घरी उतरले होते. त्यांच्या आशीर्वादाने बाईंच्या भाचीला आठ वर्षांनी मूल झालं होतं.

"भाचीच्या नवऱ्याला काहीच श्रेय नाही का?" ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता उपसता त्यांचे यजमान म्हणाले. ते दाताचे डॉक्टर. "जाताच आहात तर माझ्या गाडीच्या किल्ल्या कुठे पडल्यात, तेवढं विचारा."

काकू हसल्या. पण जायचं ठरलंच, आणि गाडी मी चालवायची.

मला जायचं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्या धाकट्या बहिणीचा कान वाहत होता तेव्हा वडिलांनी एका बुवाच्या सांगण्यावरून सात गुरुवार अंगारा लावला. आठव्या आठवड्यात डॉक्टरकडे नेलं. त्या कानाने तिला आजही ऐकू येत नाही. हे काकूंना सांगावं असं रस्ताभर वाटत होतं. पण मोठ्या माणसाला कसं सांगायचं, ते मला जमलं नाही.

त्या घरात बायका एका खोलीत, पुरुष दुसरीत. दारात काळ्या कोटातला पन्नाशीचा मदतनीस होता. मला काकूंबरोबर दुभाष्या म्हणून उंबऱ्यापाशी उभं राहू दिलं. त्याने कागद पुढे केला. "नाव लिहा, आणि आईचं नाव. वडिलांचं नको. आशीर्वाद आईच्या नावाने मागतात." काकूंनी दोन्ही नावं सांगितली, मी लिहिली.

थांबलेल्या लोकांना तो चमत्कार ऐकवत होता. "डॉक्टर उघडून बघतात तर काय, आत काहीच नाही!" लोकांनी श्वास रोखले. बहिणीला नेलं होतं त्या बुवाच्या दारातला माणूसही असाच, नेमक्या जागी थांबून बोलायचा. मग सफरचंदाच्या फोडींची थाळी आली. सिद्धपुरुषांनी एक फोड चावून परत तिच्यात ठेवली होती, आणि ती थाळी प्रसाद म्हणून फिरत होती. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून हात घालत होती. काकू भाजीची चव घेतलेला चमचा पुन्हा पातेल्यात घालू द्यायच्या नाहीत. त्यांनी ते उष्टं डोळे मिटून खाल्लं. माझ्यापुढे आली तेव्हा मी थाळी तशीच पुढे सरकवली.

सिद्धपुरुष स्वतः थकलेले, म्हातारे होते. चिठ्ठी वाचून ते म्हणाले, देव पूर्ण बरं करो. मग खोकले आणि शेजारच्या बाटलीतून चमचाभर औषध घेतलं. माणूस वाईट वाटला नाही.

"बघितलंत काकू, तेही औषध घेतात," मी गाडीत म्हणालो.

"ते दुसऱ्यांची दुखणी अंगावर घेतात ना, म्हणून."

हायवेला लागल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "अरे, घोटाळा झाला. मी पासपोर्टवरचं नाव सांगितलं."

"मग?"

"ते लग्नात बदललेलं. ह्यांनी तांदळात अंगठीने लिहिलेलं. आईने बारशाला ठेवलेलं वेगळं होतं. आणि आईचंही सासरचंच सांगितलं. माहेरचं मला माहीतच नाही रे. मी पाच वर्षांची असताना गेली ती."

"देवाला कळत नसेल का काकू?"

"मग चिठ्ठी कशाला लिहून घेतात?"

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "फोन करून विचार. चालेल म्हणाले तर मंगळवारी जाते. नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलू."

मी बेसमेंटमधून फोन केला. मदतनीस म्हणाला, "चुकीच्या नावावर? नाही चालणार. स्प्रिंगमध्ये ते परत येतील, तेव्हा या. तोवर चाकू लावू देऊ नका."

"पण डॉक्टर म्हणतात, थांबू नका."

"डॉक्टर म्हणतच असतात."

गाठ कुठली, किती मोठी, त्याने काहीच विचारलं नाही. मागे कोणीतरी बशा आवरत होतं. किळस आली, त्या माणसाची, त्या थाळीची, आणि ती चिठ्ठी लिहिणाऱ्या माझ्या हाताचीही.

काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. "काय म्हणाले?"

"त्यांनी आत जाऊन महाराजांना विचारलं," मी म्हणालो. "महाराज म्हणाले, देवाला दोन्ही नावं माहीत असतात." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा सैल होताना दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मंगळवार शुभ आहे, असंही म्हणाले."

काकूंनी हात जोडले. मी खाली मान घालून उभा राहिलो. थापा मारणं इतकं सोपं असतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, थांबला नाहीत ते बरं केलंत. काकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. संध्याकाळी काकू बसलेल्या आवाजात मला म्हणाल्या, "तुझ्यामुळे झालं बघ. त्यांना फोन करून कळव हं."

"लगेच," मी म्हणालो.

काचेच्या दारातून त्या बघत होत्या. म्हणून मी कॉरिडॉरमध्ये गेलो, कुणालाच न लावलेला फोन कानाशी धरला आणि मध्येमध्ये मान डोलावत उभा राहिलो.