खंडेनवमीला उघडलेली फटफटी

डॉक्टरसाहेबांची फटफटी थंड असली की पहिल्या किकला सुरू व्हायची आणि सात-आठ मैल पळून गरम झाली की मुकाट बंद पडायची. मग अर्धा-पाऊण तास कितीही लाथा मारा, हूं की चूं नाही. इंजिनावर हात टेकवता येईल इतकी निवली की पुन्हा पहिल्या किकला तयार. असले रोग मला मनापासून आवडत नाहीत. जे बिघडलंय ते बिघडलेलं दिसावं, एवढीच माझी यंत्रांकडून अपेक्षा असते. ही बया रस्त्यात मरायची आणि माझ्या दारात मात्र धडधाकट होऊन यायची.

मी तेव्हा परभणीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होतो. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. फटफटी आधी निजामी पोलिसातल्या कुणा अंमलदाराची होती. तो हैदराबादला निघून गेला आणि ती सरकारी दवाखान्यातल्या आमच्या डॉक्टरसाहेबांनी घेतली. तिचा आवाज आला की खेड्यातल्या बाया अजून लेकरं घरात ओढायच्या. साहेब हसून म्हणायचे, की सुई टोचायला येणारा माणूस पोलिसापेक्षा बरा असतो असं काही नाही, त्यांना ओढू द्या.

त्या वर्षी तिची खराबी सापडणं मला दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त गरजेचं होतं. माझी धाकटी बहीण झरीला दिली होती आणि तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं आमच्याकडं झालं. मूल जन्मताच गेलं आणि तीही जाता जाता राहिली. साहेबांनीच तिला वाचवली होती. तेव्हा त्यांनी बजावलं होतं, की पुढच्या खेपेला दाईवर सोडू नका, कळा सुरू झाल्या की लगेच माणूस पाठवा, मी येतो. माहेरी मूल दगावलं म्हणून सासरच्यांनी तिला या वेळी पाठवायला साफ नकार दिला. झरी बारा मैलांवर. मोटार सकाळी एकदाच जायची, बैलगाडीनं चार तास मोडायचे. म्हणजे साहेब येणार ते फटफटीवर, आणि फटफटी आठव्या मैलाला बंद पडणार.

पहिल्या खेपेला मी प्लग काढून घासला, इंजिनाला टेकवला आणि किक मारली. निळी ठिणगी चटकन पडली. मी छाती पुढं काढून सांगितलं, "वीज लय बेस हाय साहेब. पेट्रोलात पाणी असंल." टाकी धुतली, नळी फुंकली, गाडी दिली. जिनिंगमधल्या इंजिनांवर माझी हयात गेलेली, त्यामुळं माझं चुकेल असं मला वाटतच नसे.

आठ दिवसांनी साहेब पायी आले. पोखर्णीला एका बाईला साप चावला होता. फटफटी वाटेत बंद पडली. साहेब पोचले तेव्हा बाई गेली होती, तिला खाली काढून ठेवलं होतं. हे त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं. "मिस्त्री, एखाद्याला रोज दुपारी हिवताप येत असेल आणि तुम्ही त्याला सकाळी तपासून ठणठणीत म्हणत असाल, तर तो बरा कसा होणार?"

मला राग आला. माझ्या कामात कुणी शिकवलेलं मला आजही खपत नाही. पण रात्री जेवताना घास तोंडात फिरायला लागला. पोखर्णीच्या त्या बाईच्या जागी मला बहीण दिसायला लागली होती.

दुसऱ्या रविवारी मी साहेबांच्या मागं बसून पेडगावच्या रस्त्याला निघालो. बरोबर पाण्याचा तांब्या आणि दोन फडकी. गाडी मरेपर्यंत पळवायची असं ठरवलं होतं. ती ठरल्यासारखी मेली. तिथंच प्लग काढून टेकवला तर ठिणगी पिवळी, मरतुकडी, तीही एकाआड एक. म्हणजे पेट्रोलाचा काही दोष नव्हता. दोष विजेचाच होता आणि तो तापल्यावरच दिसत होता. आता दोन संशयित उरले, कॉइल आणि कंडेन्सर. ज्याला निववल्यावर ठिणगी सुधारेल तोच गुन्हेगार. ओलं फडकं आधी कॉइलवर ठेवलं, पाचेक मिनिटं थांबलो. ठिणगी तशीच. मग दुसरं फडकं कंडेन्सरवर. ही अंगठ्याएवढी पत्र्याची नळी. इंजिनातले पॉइंट उघडताना जी वीज भलतीकडं उडू बघते ती पोटात घ्यायची, एवढंच तिचं काम. रस्त्यानं जाणारा एक गाडीवान बैल थांबवून बघत होता. तो म्हणाला, "डॉक्टर बसून ऱ्हायलाय आन मिस्त्री फटफटीच्या कपाळाला पट्ट्या ठेवायलाय. कामून, ताप आला का तिला?"

आम्ही दोघं हसलो. मी फडकं उचललं, किक मारली. ठिणगी निळीशार पडली. मला इतका आनंद झाला की मी त्या गाडीवानाला बिडी दिली.

कंडेन्सर परभणीत मिळणारा नव्हता. हैदराबादला पत्र टाकलं. पार्सल आलं ते दसऱ्याच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी. बहिणीला अजून पंधरा-वीस दिवस आहेत, असा सगळ्यांचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्या दिवसाचं महत्त्व सांगावं लागत नाही. पाने, पकड, पेचकस, कानस, सगळं रॉकेलनं धुऊन, पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची. आणि मग दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी झिजतात, त्यांचा तेवढा एक आराम. मी त्या पाटावर नवा कंडेन्सरही खोक्यासकट ठेवला आणि त्याच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

सकाळी नऊच्या सुमाराला साहेब फटफटी घेऊन आले. त्यांना पार्सलाची बातमी कळली होती. "मिस्त्री, बसवून टाकता का?"

मी पाटाकडं बोट केलं. "आज न्हाई साहेब. हत्यारं बसलेत आज. परवा सकाळी पैल्यांदा तुमचंच काम."

हे काम अर्ध्या तासाचं होतं. साहेबांनी जोर केला असता तर मी कदाचित ऐकलंही असतं. पण तेही आमच्यातलेच. त्यांनी स्वतःच्या घरी सुया आणि छाती तपासायची नळी पाटावर मांडून फुलं वाहिली होती. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. परवा येतो." आईनं त्यांना बासुंदीची वाटी दिली. निघताना गाडी पहिल्या किकला सुरू झाली. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी कामच करायचं नव्हतं. धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसायचं होतं. रीत तेवढ्यापुरती माझ्या सोयीची होती.

चारच्या सुमाराला बहिणीचा दीर सायकलवरून आला. दम लागून त्याला धड बोलताही येत नव्हतं. "दुपारपासून कळा सुरू झाल्यात. रगत लय जायलंय. दाई म्हनती, साहेबाला आना."

मी दवाखान्याकडं पळालो. साहेब फटफटीवर घरापर्यंत आले तेव्हा इंजिन जेमतेम कोमट होतं. आत्ता कंडेन्सर बदलावा की तसंच निघावं, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला. साहेबांच्याही आला असणार. ते म्हणाले, "थंड आहे तोवर पळवू. कधी कधी दहा मैल जाते." दारात दीर उभा होता, आई रडत होती. अशा वेळी गाडी उघडून बसायचा धीर कुणाला होतो? मी आत गेलो आणि पाटावरून पाना, पेचकस आणि ते खोकं उचललं. झेंडूची फुलं जमिनीवर पडली. आई ते बघत होती.

त्या रस्त्यावर मी आयुष्यात असंख्य वेळा गेलोय, पण तसं पुन्हा कधी गेलो नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती. मी साहेबांच्या मागं बसून फक्त आवाज ऐकत होतो. चौथा मैल, पाचवा, सहावा. सातव्यानंतर आवाजात एक बारीक अडखळ आली. साहेबांची पाठ ताठ झाली. त्यांनाही ऐकू आलं होतं. आणखी फर्लांगभर ती कशीबशी गेली आणि बंद पडली.

सगळीकडं एकदम शांत झालं. ऊन कलायला लागलं होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी झाकण काढलं. इंजिन इतकं तापलं होतं की बोटांची कातडी चिकटायला लागली. पेचकसाच्या मुठीला अजून कुंकू होतं, घामानं ते हातभर पसरलं. जुना कंडेन्सर सुटला, आणि त्याला धरणारा तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू माझ्या भाजलेल्या बोटांतून निसटून खाली काळ्या मातीत गेला.

आम्ही दोघं गुडघ्यावर बसून माती चिवडत राहिलो. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मी देवाला, मातीला, त्या निजामी अंमलदाराला, सगळ्यांना शिव्या दिल्या. स्वतःला द्यायची हिंमत तेव्हा झाली नाही. स्क्रू सापडला तेव्हा सूर्य ज्वारीच्या वर हातभर राहिला होता. कंडेन्सर बसवला, किक मारली. इंजिन पहिल्या किकला सुरू झालं आणि झरीपर्यंत एकदाही अडखळलं नाही. माझं निदान बरोबर होतं. जन्मात पहिल्यांदा मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

झरीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दाई दारातच बसली होती. साहेब सरळ आत गेले. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पोरगं झालं. दिवस बुडायच्या वक्ताला झालं. रडलं न्हाई. घटकाभर धुगधुगी व्हती वो, मी छातीला लावून बसले व्हते. आत्ताच गेलं, तुमची फटफटी यायच्या जरा आदी."

बहीण वाचली. साहेबांनी रक्त थांबवलं आणि पहाटेपर्यंत तिच्याजवळून हलले नाहीत. सकाळी आम्ही परत निघालो तेव्हा गावात दसऱ्याची गडबड सुरू होती. मी विचारलं, "साहेब, आपुन घंटाभर आदी पोचलो असतो तर?" साहेबांनी किक मारली. नवमीच्या सकाळी ते आपणहून फटफटी घेऊन माझ्या दारात आले होते, हे झरीत त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता फटफटी माझ्या दारात येऊन उभी राहिली. गाडीला काहीच झालं नव्हतं. वर्षभर ती एकदाही बंद पडली नव्हती. साहेब म्हणाले, "उघडा, मिस्त्री." मी पाटावरचा पाना उचलला. झाकण काढलं, पॉइंट पुसले, कंडेन्सरचा स्क्रू आवळून बघितला, झाकण लावलं. साहेबांनी शेजारी उकिडवं बसून सगळं बघितलं आणि निघून गेले. त्यानंतर दर वर्षी आम्ही हेच केलं.

चौथ्या वर्षी बहीण सणाला आमच्याकडं आली होती. तिला पुढं मूल झालं नव्हतं आणि ती पहिल्यापेक्षा फार कमी बोलायची. मी अंगणात गाडी उघडून बसलो होतो, साहेब शेजारी. ती चहा घेऊन आली आणि माझ्या हातातला पाना बघून जागीच थांबली.

"दादा, आजच्या दिवशी हत्याराला हात कामून लावायलास?"

मी म्हणालो, "साहेबांची गाडी नीट असावी लागती."

तिनं कपबश्या खाली ठेवल्या. "तवा बी तू हात लावलास. मला मायनं सांगितलंय, पाटावरून हत्यारं उचलून तू माझ्यासाठी पळत आलास. फुलं खाली पडली. माझ्यापायी तुझ्या हातून रीत मोडली, म्हनून देवानं माझं लेकरू नेलं. चार वर्सं झाली, मी रोज देवाला म्हनते, चूक माझी हाय, दादाला काई करू नको." आणि तिनं वाकून माझ्या हातातला पाना काढून घेतला, पदरानं पुसला आणि आत नेऊन पाटावर ठेवला.

साहेब माझ्याकडं बघत होते. एकच वाक्य सांगायचं होतं. सकाळीच हात लावला असता तर तुझं लेकरू कदाचित जगलं असतं, बाई, चूक माझी. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात ती बाहेर आली, डोळे पुसून मला म्हणाली, "चहा घे, निवायलाय," आणि मी चहा प्यायलो.

साहेबांची पुढं बदली झाली, फटफटी त्यांच्याबरोबर गेली. बहीण अजून झरीला आहे. अजून दर खंडेनवमीला ती माझ्यासाठी उपास करते, मला काही होऊ नये म्हणून. तिला वाचता येत नाही. म्हणूनच मला हे लिहायचा धीर झाला.