किरियाकीच्या चौदा पायऱ्या

असिमिना छपराखाली जेवत नाही. थंडीतसुद्धा आमच्या अंगणातल्या तुतीखाली खुर्ची ओढते, गळ्याला मफलर गुंडाळते आणि मसुराचं कालवण पार गार होईपर्यंत चमच्यानं ढवळत बसते. आत शेगडी पेटली आहे, आत ये, असं मी दर वेळी सांगते, आणि ती दर वेळी म्हणते, "मावशी, मला इथंच बरं." पन्नाशी उलटली तिची, तरी तेच. गावातल्या बायका तिला हसतात. मी हसत नाही, कारण तिला छपराखालून काढलं तेव्हा मी तिथं होते.

मोठा भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची. आमच्या शेजारीच त्यांचं दगडी घर होतं, ते खाली बसलं. आईबाप लग्नाला परगावी गेलेले, आत ती आणि तिचे आजोबा. चुलीच्या धुराड्यापाशी एक भोक राहिलं होतं, माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढं. पुरुषमाणसं जॅक आणायला बंदरावर धावली, आणि मी त्या भोकाशी पालथी पडून तिच्याशी बोलत राहिले. आधी आतून दोघं बोलत होती. मग एकटीच बोलायला लागली. तिला ते जाणवू नये म्हणून मी विचारलं, शाळेत बाईंनी काय शिकवलं ग? तर म्हणाली, ऑलिंपसचे बारा देव. म्हण मग, म्हटलं. पाच तास ती ते बारा देव म्हणत होती, आणि मी वरून मुद्दाम चुकीचं सांगत होते, म्हणजे मला दुरुस्त करण्याच्या नादात ती डोळे मिटणार नाही. मला मुळातच चारपाच देव येत होते, त्यामुळे चुका करायला फार कष्ट पडले नाहीत.

मोठी झाल्यावर ती गाइड झाली. तिच्या आईला ती शिक्षिका व्हायला हवी होती, पण शाळेला छप्पर असतं. पडक्या देवळांना नसतं. मला एकदा म्हणाली, "तिथं जे पडायचं ते केव्हाच पडून गेलंय, मावशी. आता माझ्या डोक्यावर पडायला काही शिल्लक नाही." अथेन्सहून पाहुण्यांची छोटी बस निघते. सकाळी जुनं कोरिंथ, अपोलोच्या देवळाचे खांब, पौलोस प्रेषित उभा राहिला तो दगडी चौथरा. मग केंख्रेएचं अर्धं पाण्यात गेलेलं बंदर, आणि तिथली फीबी, जी पौलोसचं पत्र घेऊन रोमला गेली असं म्हणतात. आणि शेवटी आमचं गाव. आमच्याकडे भूशिरावर हेराचं देऊळ आहे, म्हणजे पायाचे दगड आहेत, आणि डोंगराच्या अंगाला किरियाकी संतिणीचं जमिनीखालचं चर्च.

ते मुळात पाण्याचं टाकं. हेराला मानणाऱ्यांनी खोदलं, नंतर पहिल्या ख्रिस्ती माणसांनी त्यात प्रार्थना सुरू केली आणि भिंतीवर मासे नि क्रूस कोरले. खाली जायला चौदा पायऱ्या, त्यांच्यावरही दगडी छत, तळाला बाहेर उघडणारं लोखंडी दार. टाक्याच्या छताला मधोमध गोल तोंड आहे, पूर्वी तिथून पोहरा सोडत. आता त्यावर जाळी आहे.

किल्ली माझ्याकडे असते, सासूकडून आलेली. पाहुण्यांना खाली मी नेते. असिमिना वर त्या तोंडाशी गुडघे टेकून बसते आणि तिथून गोष्ट सांगते. तिचा आवाज टाक्यात असा उतरतो की माणसं माना वर करून गप्प उभी राहतात, एखाद्या बाईचे डोळेही भरून येतात. काय सुंदर कल्पना आहे म्हणून अथेन्सला पत्रं येतात म्हणे. कल्पना! बावीस वर्षांत ती एकदाही खाली उतरलेली नव्हती, हे फक्त मला आणि ड्रायव्हर प्रोकोपिसला ठाऊक होतं. तो तिला म्हणायचा, "आमची असिमिना थेट देवाच्या जागेवरून बोलते." ती म्हणायची, "तू तुझी कॉफी पी."

मी सांगते आहे ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली. तीन दिवस बारीक हादऱ्यांनी फळीवरचे कप अधूनमधून किणकिणत होते. आमच्याकडे त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. बस आली ती उन्हं कलताना. हॉलंडचे नऊ जण होते. प्रोकोपिस त्यांना सोडून तळ्याकाठी मासे खायला गेला. असिमिनाचा चेहरा पाहूनच मला कळलं की ती रात्रभर घराबाहेर बसून होती. माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत हळूच म्हणाली, "मावशी, आज वरूनच दाखवू या का?"

मी म्हटलं, "कप काय रोजच वाजतात. एवढ्या लांबून आलेत ते, जाळीतून काळोख बघायला का?"

माझ्याशी वाद घालत नाही ती, लहानपणापासून. तिचं ऐकलं नाही, ही माझी पहिली चूक. दुसरी अशी की आत गेल्यावर मी दार ओढून घेतलं. संतिणीसमोर तेलाचा दिवा असतो, पायऱ्यांवरून वारा आला की तो विझतो, म्हणून दार लावायची आमची पद्धत. सासूनं शिकवलेलं, मी कधी विचारच केला नाही.

पाहुण्यांनी पिवळ्या बारीक मेणबत्त्या वाळूत लावल्या. वरून असिमिना बोलत होती. मला त्यांची भाषा येत नाही, पण गोष्ट कुठवर आली ते मी तिच्या आवाजावरून ओळखते. माशाच्या चित्रापाशी आली होती.

आधी आवाज आला. जमिनीखालून एखादा भरलेला ट्रक आपल्याकडे यावा तसा. मग पायाखालचा दगड बाजूला सरकल्यासारखा झाला आणि परत आला, परत सरकला. दिवा साखळीसह भिंतीवर आपटला. वाळूची तबकं उलटली, मेणबत्त्या गेल्या. पायऱ्यांकडे काहीतरी जड कोसळलं. माझ्या तोंडात धूळ गेली, आणि कुणीतरी माझं मनगट असं धरलं की हाड मोडेल. हिल्के नावाची एक उंच, पिकल्या केसांची बाई होती, ती.

थांबलं तेव्हा वरच्या जाळीतून उजेडाचा एक खांब आत येत होता आणि त्यात धूळ फिरत होती. वरचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला होता. मला पळणारी पावलं ऐकू आली. दूर जात होती. कुठे जात होती तेही मला माहीत होतं, चर्चच्या वरच्या अंगाला उघडं खळं आहे, जिथं अंगावर पडायला काही नाही.

एक दांडगा बाप्या दाराला खांदा लावून ढकलत होता. दार दोन बोटं सरकलं आणि अडलं. फटीतून पाहिलं तर बाहेर, दाराला टेकून, छताचा एक चिरा पडला होता. बाहेरून कुणी बाजूला केल्याशिवाय दार उघडणार नव्हतं. फोन त्या टाक्यात चालत नाहीत. गाव पाव तासावर. आणि दुसरा धक्का मागाहून येतो, हे आमच्याकडे शाळेत न गेलेलं माणूसही जाणतं. छताच्या एका सांध्यातून वाळू गळत होती. थांबायची, पुन्हा गळायची. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिच्याकडेच बघत राहिले.

मी वर हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मला तिचा राग आला नाही, खरं सांगते. सात वर्षांची पोर त्या ढिगाऱ्यात आजोबांचा हात धरून पडली होती, ती पळाली तर पळू दे. पण भीती फार वाटत होती. त्या नऊ जणांना इथं मी आणलं होतं. दार मी लावलं होतं.

हिल्केच्या घड्याळानं सात मिनिटं गेली, असं पुढे कळलं. मला विचाराल तर मी निम्मं आयुष्य तिथं काढलं. मग जाळीवर सावली आली.

"मावशी."

"आहे मी."

"खाली किती जण बोलतायत?"

किती जण आहेत असं तिनं विचारलं नाही. किती जण बोलतायत, असं विचारलं. सगळे बोलतायत, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, एकेकाला बोलायला लाव. मी एकेकाच्या छातीवर बोट ठेवलं, त्यानं आपलं नाव सांगितलं, ती वर मोजत गेली. नऊ झाले, मग मी माझं नाव सांगितलं, लाम्ब्रिनी, जणू तिला ठाऊक नव्हतं.

मी तिला चिऱ्याचं सांगितलं. म्हटलं, गावात जा, माणसं घेऊन ये.

"आणि तोवर दुसरा आला तर?"

"नाही येणार."

"तू तेव्हाही मला असंच सांगत होतीस," ती म्हणाली. "आजोबा झोपलेत म्हणून."

सावली जाळीवरून गेली. या वेळी पावलं दूर जात नव्हती, वळसा घालून पायऱ्यांच्या तोंडाशी आली आणि थांबली. मी दाराच्या फटीला तोंड लावलं. वर, पार वर, तिचा श्वास ऐकू येत होता, धावल्यासारखा, पण ती उभी होती. मला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, "पहिला कोण ग?"

खूप वेळानं उत्तर आलं. "झ्यूस." आणि एक पाऊल वाजलं.

"मग पोसायडन," मी म्हणाले.

"नाही. हेरा." दुसरं पाऊल. "पोसायडन नंतर." तिसरं.

अशी ती उतरत होती. मी चुकत होते, ती दुरुस्त करत होती, आवाज तिचा होता पण आतून सात वर्षांची पोर बोलत होती. डिमीटर, अथेना, अपोलो. सहा पायऱ्या झाल्या आणि ती थांबली. तिथं पायऱ्या वळतात, वरचा उजेड संपतो. तिला पुढचा देव सापडेना. मलाही सापडेना, आणि या खेपेला मी मुद्दाम करत नव्हते. सांध्यातून वाळू पुन्हा गळायला लागली. वर काहीतरी घासल्याचा आवाज आला, ती भिंतीला धरून बसली असावी.

तेव्हा माझ्या मागून हिल्के हळूच म्हणाली, "अथेना?"

भाषा कळत नव्हती त्यांना, पण नावं तर ते सकाळपासून ऐकत होते. वरून थरथरत उत्तर आलं, "ती झाली." दांडगा बाप्या म्हणाला, "पोसायडन?" तोही झाला होता. मग सगळेच अंधारात देव सुचवायला लागले, कुणी एकच देव दोनदा, कुणी रोमचाच कुठला तरी. आणि हिल्के म्हणाली, "आर्टेमिस."

"हं," असिमिना म्हणाली. "आर्टेमिस." सातवं पाऊल वाजलं.

पुढचे पाच आले. आरेस, ॲफ्रोडायटी, हर्मीस, हेफायस्टस, हेस्टिया. आता तिचा श्वास माझ्या इतका जवळ होता की धुळीतून तिच्या कोटाला लागलेला कॉफीचा वास येत होता.

"मावशी, देव संपले."

"किती पायऱ्या राहिल्या?"

"दोन."

"मग आता आपले घे. दोघंच तर हवेत."

ती जराशी हसल्यासारखी झाली, की रडल्यासारखी, मला अंधारात कळलं नाही. "पौलोस," ती म्हणाली. आणि मग, "फीबी." आणि तिचा हात फटीतून आत आला आणि त्यानं माझी बोटं धरली. बर्फासारखा हात होता.

चिरा तिनं कसा ओढला तो तिलाच माहीत. दोन नखं गेली. दार उघडल्यावर पाहुण्यांना वाटलं ती पुढे पळेल. ती पाठ दाराला लावून तिथंच उभी राहिली, डोळे मिटून, आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाला मोजत राहिली. मी दहावी. माझ्या मागून ती वर आली.

दुसरा धक्का आला तेव्हा आम्ही सगळे खळ्यावर बसलो होतो आणि प्रोकोपिस धापा टाकत चढ चढत होता. टाक्याचं छत पडलं नाही. पडलं असतं तर ही गोष्ट फार मोठी झाली असती, पण मला एवढीही पुष्कळ आहे.

कुणीतरी आमच्या पाद्रीबुवांच्या कानावर घातलं की संतिणीच्या पायरीवर जुन्या देवांची नावं घेतली गेली. ते मला विचारायला आले. मी म्हटलं, फादर, खाली पोहोचेपर्यंत शेवटी पौलोसच होता, फीबी होती, तुम्हाला आणखी काय हवं? आणि वरच्या बारा जणांना तरी कुठे चुकवणार, टाकं त्यांनीच खोदलेलं. ते म्हणाले, लाम्ब्रिनी, तुझ्याशी बोलून उपयोग नाही. तिथंच विषय संपला.

सरकारी माणसांनी तपासून, खांब लावून वसंतात चर्च पुन्हा उघडलं. असिमिना आजही वर जाळीशी बसूनच गोष्ट सांगते. तुतीखालीच जेवते. तिची भीती गेली असं मी कुणाला सांगणार नाही, कारण ती गेलेली नाही. माझीही गेली नाही, उलट आता आम्ही दोघी मिळून घाबरतो. पण दार मी लावत नाही. दिवा विझतो, विझू दे.

आणि बस आली की पाहुण्यांना खळ्यावर सरबत प्यायला बसवून ती एकटी आधी पायऱ्यांकडे जाते. हातात ऑलिव्हच्या लाकडाची पाचर असते, दाराखाली ठोकायला. कुलूप मी आधीच काढलेलं असतं, तरी ती उतरताना मी पायऱ्यांच्या तोंडाशी किल्ली शोधायच्या निमित्तानं ॲप्रनचे खिसे चाचपत राहते आणि कान तिकडे ठेवते. कधी सातव्या देवापाशी फार वेळ जातो. तेव्हा मी वरून, कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं, म्हणते, "अथेना असेल."

"ती झाली, मावशी," खालून आवाज येतो, आणि पाऊल वाजतं.