वास नाही, लाव

काडीचं गुल तुटलं म्हणून मी हे लिहितोय. तुटलं नसतं तर लिहायला मी नव्हतो आणि माझी बायकोही नव्हती. मजल्यावरचं आणखी कोण कोण नसतं, ते मोजायला लागलो की हात थांबतो. म्हणून मोजत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. कोकणातून डोंबिवलीला आलो आणि गॅसचे बाटले पोचवायच्या कामाला लागलो. सिलिंडर हा पावतीवरचा शब्द, आम्ही बाटलाच म्हणायचो. चौतीस वर्षं तेच केलं. भरलेला बाटला तीस किलोच्या आसपास भरतो. तो खांद्यावर घेऊन चार चार मजले चढलोय. डोंबिवलीला लागून कोपर, तिथल्या आमच्या इमारतीला तर अजून लिफ्ट नाही.

पण लोक मला खांद्यावरून ओळखत नव्हते, नाकावरून ओळखायचे. गॅसला स्वतःचा वास नसतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. गळला तर कळावा म्हणून त्यात तो कुजका वास मुद्दाम मिसळतात. तो वास मला जिन्यातच लागायचा. दार उघडायच्या आधी मी सांगायचो, "ताई, शेगडीचं बटण अर्धवट राहिलंय." बाई आत जाऊन बघायची आणि तोंडावर हात ठेवायची. काम सोडून बारा वर्षं झाली तरी इमारतीत कोणालाही संशय आला की पहिली बेल आमच्या दाराची वाजायची. "काका, जरा येता का वास बघायला?" मी बनियनवर शर्ट चढवून जायचो. त्यात एक ऐट होती, नाकारत नाही.

आमच्या घरी एक पद्धत होती. नवा बाटला आला की बायको त्याच्या गळ्याशी हळदकुंकू लावते, वर एक फूल ठेवते आणि समोर उदबत्ती लावते. घरात जेवण शिजवणारा आला, त्याला तसंच कसं बसवायचं, असं तिचं म्हणणं. ही पूजा मी शेकडो घरांत पाहिली आहे. काही घरांत तर बाटला दारात टेकवायच्या आधीच बाई काडी घेऊन उभी. म्हणून माझ्या घरात मी नियम घातला होता. आधी माझं नाक, मग तिची काडी. मी रेग्युलेटर बसवणार, चावी उघडणार, वाकून तीन ठिकाणी हुंगणार. वर, बाजूला आणि शेवटी फरशीला नाक लावून. गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा खाली साचतो. तिन्ही जागा झाल्या की मी म्हणायचो, "वास नाही, लाव." मग ती काडी ओढायची. चाळीस वर्षं असंच चाललं.

गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगायचो, साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले की समजा गळतोय. घरी मी फेस कधी लावला नाही. माझं नाक असताना फेस कशाला?

त्या दिवशी सकाळी नवा बाटला आला. घेऊन आला तो पन्नाशीचा गृहस्थ, माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याने बाटला ओट्याखाली ठेवला आणि म्हणाला, "काका, झाकण काढून पाणी टाकून बघतो. तोंडाशी बुडबुडे येतात का ते दिसेल."

मी म्हटलं, "तू मला शिकवणार? जा, तुझी पुढची घरं कर."

"बघितलं असतं तर बरं होतं."

"अरे, बाटला कसा धरायचा ते तुला कोणी दाखवलं?"

तो हसला, रिकामा बाटला उचलला आणि गेला.

मी झाकण काढलं. बाटल्याच्या तोंडात एक रबरी कडं असतं, आम्ही त्याला वायसर म्हणतो. सगळा गॅस त्या एवढ्याशा कड्यावर अडलेला असतो. आतलं वायसर मला एका बाजूला दबल्यासारखं वाटलं. माझ्याकडे जुन्या कामावरचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात राहिलेली वायसरं मी जपून ठेवली आहेत. त्यातलं एक काढून मी तिथे बसवलं. आमच्या वेळचा माल होता तो, आताच्यासारखा नव्हे, असं मनात म्हटलंसुद्धा. रेग्युलेटर बसवला, चावी उघडली. पाण्याची वेळ होती, नळ पिंपात धो धो पडत होता. कबुतरं आत शिरतात म्हणून खिडकी बंद. मी वाकलो. वर हुंगलं, बाजूला हुंगलं, फरशीशी हुंगलं. काही नाही.

"वास नाही, लाव," मी म्हटलं आणि बाहेरच्या खोलीत जायला वळलो.

बायको गुडघे टेकून बसली होती. हळदकुंकू झालं होतं, जास्वंद ठेवून झालं होतं. काडी ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ती पुटपुटली, "मेली, गुलच तुटलं." मी मागे बघितलं. ती पेटीतून दुसरी काडी काढत होती.

तेवढ्यात समोरच्या घरातली सून आमच्या उघड्या दारातून ओरडत आत आली. "काकी! काही पेटवू नका! जिन्यापर्यंत गॅसचा वास येतोय!"

बायकोचा हात तिथेच थांबला. काडी पेटीला टेकलेली होती. टेकलेली. मी ते पाहिलं आहे.

त्यानंतर माझ्या हातांनी काय केलं ते हातांनाच माहीत. चावी बंद केली, रेग्युलेटर उचकटला, झाकण दाबून बसवलं, खिडकी उघडली. "दिव्याच्या बटणाला हात लावू नका, पंख्याच्याही नको," हे मी ओरडलो असं सून सांगते, मला आठवत नाही. बायकोला दंडाला धरून जिन्यात नेऊन बसवलं. सून नाकाला पदर लावून उभी होती. मी तिला विचारलं, "अजून येतो?"

तिने पदर आणखी घट्ट धरला. "काका, डोकं भणभणतंय इतका येतोय. तुम्हाला येत नाही?"

मी श्वास घेतला. छातीभर घेतला. जिना, चुना, कोणाच्या तरी घरची फोडणी, काहीच नाही. मोकळी हवा नुसती आत गेली आणि बाहेर आली.

 मी बायकोच्या खालच्या पायरीवर बसलो. काडीपेटी अजून तिच्या मुठीत होती. ती म्हणाली, "मला येत होता वास."

"काय?"

"मला येत होता. तुम्ही चावी उघडलीत तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस? अगं, तोंड नव्हतं तुला?"

"तुम्ही म्हणालात, नाही. मला वाटलं, मलाच भास होतोय. चाळीस वर्षांत कधी चुकलात तुम्ही?"

एवढंच म्हणाली, तेसुद्धा रागाने नाही. जेवायला काय करू, असं विचारतात त्या आवाजात. बाटला फुटला असता तर मला तेवढा धक्का बसला नसता, कारण तो बसायला मी उरलो नसतो. हा मात्र बसला. तिच्या नाकाला वास येत होता आणि माझ्या शब्दावर तिने काडी ओढली होती.

दुपारी घरातला गॅस निघून गेल्यावर मी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. नाही. कापूर. नाही. कांदा ठेचून धरला, डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. मी एकेक वस्तू खाली ठेवत गेलो तसतसं मागचं वर्ष माझ्या डोळ्यांसमोर उलटं फिरायला लागलं. थंडीत मोठी सर्दी झाली होती, पंधरा दिवस अंथरुणात होतो. त्यानंतर मी वाण्याच्या दुकानात जाऊन चार लोकांसमोर भांडलो होतो, की तुझ्या हिंगात पीठ आहे. फुलवालीला म्हटलं होतं, तुमच्या चाफ्याला हल्ली वास राहिला नाही. सुके बोंबील सपक आहेत म्हणून बायकोला बोललो होतो, उदबत्ती भेसळीची आहे म्हणून पुडा परत केला होता. सगळं जग बिघडलंय आणि माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही, असं मी वर्षभर मिरवलं. एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे सगळं एकाच ठिकाणी बिघडलं असेल.

बायको म्हणाली, "त्या वाण्याची माफी मागा आता."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाही. मागा."

त्याच दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी टॉर्च मारून नाक बघितलं. म्हणाले, "आजोबा, वास वयानं जातो, सर्दीनंतरही जातो. परत येईलच असं सांगता येत नाही." मी म्हटलं, माझ्या नाकावर अख्खी इमारत चालते. ते म्हणाले, आता इमारतीला सांगून टाका.

ते सांगणं राहिलं बाजूला. संध्याकाळी तो गॅसवाला आला, सुनेने फोन करून बोलावला होता. तो यायच्या आधी माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. बाटलाच गळका दिलात, एवढं म्हटलं की माझी बाजू झाकली जात होती. त्याने झाकण काढलं, चिमट्याने वायसर बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवून नखाने दाबलं. ते वाकायच्या ऐवजी त्याचा कट्कन तुकडा पडला. वाळलेल्या पापडासारखा. बारा वर्षं डब्यात राहून रबर मेलं होतं.

तो म्हणाला, "हे आमचं नाही दिसत."

बायको तिथेच उभी होती, तिने डबा पाहिलेला होता.  सांगायचं तिने माझ्यावर सोडलं.

"माझं आहे," मी म्हटलं. "मी बदललं. आणि मला वास येत नाही. वर्ष झालं."

त्याने ते तुकडे खिशात टाकले. मग म्हणाला, "काका, पाणी टाकून बघायचं तुम्हीच शिकवलंत. मी थांबायला हवं होतं."

"मी घालवलं तुला," मी म्हटलं. डबा आणून त्याच्या पिशवीत रिकामा केला. वायसरं खडखड वाजत पडली. रबराचा असा आवाज व्हायला नको, हे तेव्हा कळलं.

इमारतीत सुनेने सांगितलं असणार. आता बेल वाजत नाही. जिन्यात भेटले की लोक काका म्हणतात, तब्येत विचारतात. वाण्याकडे गेलो होतो, हिंग घेतला, माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि मागितली. तो म्हणाला, कसली माफी? त्याला आठवतही नव्हतं, किंवा तसं त्याने दाखवलं.

परवा पुढचा बाटला आला. गॅसवाल्याने न विचारता पाणी टाकून बघितलं, नवं वायसर बसवलं, रेग्युलेटर लावून फेसही लावला. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होतो, आत गेलो नाही. तो गेल्यावर बायकोने हाक मारली, "अहो, या."

ती वाकली होती. वर हुंगलं, बाजूला हुंगलं, मग पदर सावरून फरशीशी नाक नेलं. अगदी माझ्यासारखं. चाळीस वर्षं बघत होती, मला पत्ता नाही. मग उठून बसली, हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि काडीपेटी माझ्या हातात दिली.

"वास नाही," ती म्हणाली. "लावा."

मी काडी काढली. पेटीला टेकवली आणि हात पुढे जाईना. माझ्या नाकाला काहीच कळत नव्हतं. बाटला भरलेला होता, खिडकी उघडी होती, फेस लावून झाला होता, तरी माझ्याकडे खरं म्हणजे तिच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. 

"ओढा की," ती म्हणाली. "का, माझ्यावर भरवसा नाही?"

म्हणजे हे असं असतं. हे ती दर बाटल्याला करत होती आणि मी पाठ फिरवून बाहेर जात होतो.

मी ओढली. काडी पेटली. उदबत्तीचा धूर वर गेला, तो मी डोळ्यांनी पाहिला.