टीव्हीवाल्या काकांचं नाटक

कळमनुरीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेले टीव्हीवाले काका पेचकस फिरवता फिरवता एकटेच नाटक करतात. लहानपणी आमच्या गावच्या पंचायतीतल्या टीव्हीवर एका बाईने एकटीनेच सासू, सून, फौजदार केलेले त्यांनी पाहिले होते, तेच नाटक.

परवा आईचा टीव्ही उघडून ते म्हणाले, "मावशी, याचा पार्ट आता मिळत न्हाई."

बाबा गेल्यापासून तिला त्याचीच सोबत होती. तिचा चेहरा उतरला. काकांनी लगेच हात पुसायची दस्ती पदरासारखी डोक्यावर घेतली, सासू होऊन गरजले, मग सून होऊन रडू लागले.

"काहून रडून राहिले?" आई म्हणाली. "ती सून रडत न्हाई, भांडते."

"तुमी पाह्यलं व्हतं?"

"व्हय, पंचायतीच्या खिडकीतून. तवा मी नवी सून व्हते."

"मग तुमीच करा सून!"

आई उठली, पदर खोचला आणि अशी भांडली की काका दोन पावलं मागे सरले.