खालच्या ओळीचे पुठ्ठे

वडगावचा विणकर माशांची राखण करील, असं गुंडूच्या सात पिढ्यांत कुणाला वाटलं नसेल. पण घरातल्या दोन मागांवर दोन भावांचं भागेना, तेव्हा तो बेळगावातल्या एका कॉलेजात माशांच्या खोलीवर लागला. मासे बोटाच्या पेराएवढे, निळ्या पट्ट्यांचे. एकटे ठेवले की माणसासारखे खचतात, तळाशी जाऊन बसतात. प्रियदर्शनी मॅडम त्यांच्यावर उदासीचं औषध तपासत होत्या. खालच्या ओळीतल्या सहा टाक्यांत औषध, वरच्या सहांत नुसतं पाणी. शेजारचा दिसू नये म्हणून मध्ये काळे पुठ्ठे.

त्या दिवशी मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. "गुंडूअण्णा, खालचे सहाही वर पोहायला लागले! गुण आला. संध्याकाळी रिपोर्ट पाठवते."

 मॅडम रोज दुपारी वर्गावर गेल्या की खालचे पुठ्ठे गुंडूच काढायचा आणि त्या यायच्या आत परत लावायचा. विणकराच्या घरात एक विणतो, दुसरा शेजारी बसून सुताच्या कांड्या भरतो. एकटं कुणी बसत नाही. माशांचं एकटेपण त्याला बघवेना, एवढंच. आता बोललं तर नोकरी जाणार. न बोललं तर या औषधाची गोळी उद्या मालूसारखं कुणीतरी आशेनं गिळणार.

मालू त्याची बायको. पोटातलं मूल गेल्यापासून तिचं बोलणंच आटलं होतं. मागाचा खडखडाट नको म्हणून त्यानं तिला माडीवर निजवलं होतं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या.

पाच वाजले. मॅडमनी कॉम्प्युटरपुढं खुर्ची ओढली.

"मॅडम, त्यो गुण औषधाचा न्हाय. पुठ्ठं मी काढत हुतो."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "तीन आठवडे पाण्यात घातलेत! आणि खालचेच का?"

"वर हात पोचत न्हाय."

मॅडमना हसू फुटलं नाही. "जावा तुम्ही. कामावर ठेवायचं का नाही, उद्या सांगते."

गुंडू घरी आला तो चपला न काढताच माडी चढला. दार सताड उघडलं, तसा खालचा खडखडाट खोलीत शिरला. मालू भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"खाली चल गं. मागाजवळ बस. आवाज सोसंल न्हवं?"

तिनं मान वळवली.

"आवाजाचं मी कवा म्हटलं? दार तुम्हीच लावलंसा."