समोरचा भिडू

माझ्या धाकट्या भावाने मला पोकर शिकवलं. ज्या दिवशी शिकवलं, त्या दिवसाचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

रविवारी नंदाखालला माहेरी जेवायला बोलावणं होतं. जेवणं झाली, ओटीवर सतरंजी पसरली, मी पत्ते पिसायला घेतले. आमच्या घरात पत्ते म्हणजे मेंढीकोट. लहानपणी तो आणि मी समोरासमोर बसलेले भिडू, विरुद्ध आई-वडील. भिडूचा हात होत असला की त्यावर आपला मोठा पत्ता मारायचा नाही, उलट आपल्याकडचा दस्सा, म्हणजे डावातला सगळ्यात मोलाचा पत्ता, त्याच्या पदरात टाकायचा. हे मला पाढ्यांच्या आधीपासून येत होतं.

"मेंढीकोट काय खेळतेस, ताई! पोकर शिक," भाऊ म्हणाला. ऑफिसात शिकून आला होता. वहिनी आणि भाची दोन बाजूंना बसल्या, तो नेहमीसारखा माझ्या समोर. पैशांऐवजी चिंचोके. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, मधे सगळ्यांचे मिळून पाच, ते हळूहळू उघडायचे. सातांतले ज्याचे पाच भारी, त्याने मधले चिंचोके न्यायचे.

"कोणी चिंचोके वाढवले, तर तेवढेच टाकून त्याचे पत्ते बघायचे, नाहीतर आपले फेकायचे. फेकलेस तर तो दाखवायला बांधील नाही," त्याने समजावलं.

तिसऱ्याच डावात माझ्या हातात दोन राण्या आल्या आणि मधे तिसरी पडली. वहिनी आणि भाची डावातून बाहेर पडल्या. भावाने मूठभर चिंचोके पुढे सरकवले, आणि मी राण्या फेकून दिल्या! हात समोरच्याचा होता, म्हणजे आपलाच. मी कशाला मारू?

त्याने हसत स्वतःचे पत्ते उलटले. दुर्री आणि सत्ती.

"ताई, यात भिडू नसतो गं! ज्याचं तो बघतो."

भाची पोट धरून हसली. मीही हसले, मूर्खासारखी.

हसणं ओसरायच्या आत तो फाईल घेऊन आला. हक्कसोडपत्र. वडिलांच्या मागे राहिलेल्या वाडीतला माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडते, असा कागद.

"नुसती फॉर्मॅलिटी आहे. वाडी कुठे पळतेय? केळी-नारळ येतच राहतील तुझ्याकडे."

पेन हातात घेतलं आणि अंगाचा तिळपापड झाला. आधी स्वतःचाच राग आला. वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांना अंघोळ घालायला विरारहून रोज मी येत होते, आणि गाव म्हणायचं, मुलगा किती करतो बापाचं! मी गप्प. भिडूचा हात. विहिरीजवळची जुनी पडवी त्याने मला न विचारता पाडली. तेव्हाही गप्प. आयुष्यभर दस्सेच टाकत आले होते त्याच्या पदरात.

"वाडी विकतोयस?" मी विचारलं.

"छे गं! सही कर ना."

मी पेनाला टोपण लावलं. "फेकत नाही मी. पत्ते दाखव."

वहिनीने भाचीला आत पाठवलं. भावाने फाईलवर हात ठेवला.

"बिल्डरकडून टोकन घेतलंय मी, ताई," तो म्हणाला.

चारही दस्से जिंकून आई-वडिलांवर कोट चढला की हाच सतरंजीवरून झेपावून मला टाळी द्यायचा. आता माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. मी सही न करता उठले.