चिनी मातीची लक्ष्मी

घाटनांदूरच्या बाजारात कपबशा विकणाऱ्या वत्सलाबाईंना बढाई मारायची खोड आहे. आणि का मारू नये? अख्ख्या बीड जिल्ह्यात चिनी मातीची नाणी जमवणारी दुसरी बाई दाखवा बरं! बाई सोडा, बाप्या दाखवा.

सुरुवात भंगाराच्या पोत्यातून झाली. जुन्या किटल्यांबरोबर एक तपकिरी चकती हाती लागली. वत्सलाबाई कपाला नखानं टिचकी मारल्याशिवाय तो पाटीत ठेवत नाहीत. बद्द वाजला की समजायचं, तडा आहे. चकतीलाही टिचकी मारली, तर ही खणखणीत! वर आकडा, आणि खाली आडव्यातिडव्या इवल्याशा दोन तलवारी. पोरगा रामप्रसाद पुण्याला नोकरीला. त्यानं मोबाईलवर शोधून सांगितलं, "आई, हे जर्मनीचं नाणं हाय. पहिल्या महायुद्धानंतर तिकडं धातू मिळंना, तवा अडीनडीला कपबशांच्या कारखान्यात नाणी भाजली."

"म्हंजी आपल्याच धंद्यातलं की!" वत्सलाबाई हरखल्या, आणि तिथून जो नाद लागला तो लागलाच.

बाजारच्या बायका निजामाच्या काळातली तांब्याची नाणी देऊन कपबशा न्यायच्या. ती नाणी वत्सलाबाई पुण्याच्या एका संग्राहकाला द्यायच्या आणि बदल्यात त्याच्याकडून मातीची घ्यायच्या. असं करत करत डबा भरला. तपकिरी नाणी, पांढरी पदकं, आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे घंटेचं चित्र असलेलं सोनेरी काठाचं पदक. ते दाखवताना बाईंचा आवाजच बदलायचा.

नवऱ्याला, मोहनरावांना, मात्र हे सगळं खापर. दर दिवाळीला ते लक्ष्मीपूजनाच्या ताटात वाडवडिलांचे चांदीचे हाली रुपये, म्हणजे निजामाच्या राज्यातले रुपये, मांडायचे. वत्सलाबाई दरवर्षी म्हणायच्या, "माजी बी ठिवा की हो."

"येडी झालीस का? खापराची कुठं लक्ष्मी असती!"

बाजारात कुणाच्या बापाला न ऐकणारी ही बाई, इथं मात्र डबा उचलून आत ठेवायची. लई लागायचं ते.

यंदा दिवाळीनंतर अंबाजोगाईच्या एका कॉलेजात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं आणि वत्सलाबाईंना खास बोलावणं आलं होतं. सोनेरी काठाचं पदक मधोमध मांडायचं, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. गावात चार जणांना सांगूनही झालं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या बाजार आवरून तिन्हीसांजेला घरी आल्या. सून दिपाली हिचा दिवाळसण माहेरी झालेला, सासरची ही तिची पहिलीच दिवाळी. ती दारातच म्हणाली, "आत्या, समदं चिंच आन राखंनं घासून लखलखीत केलंय बगा! समया, ताटं, आन तुमची नाणी बी!"

वत्सलाबाईंनी डोक्यावरची पाटी दारातच टेकवली. त्या तशाच देवघराकडं धावल्या. तपकिरी नाण्यांना काही झालं नव्हतं, पण पदकाचा काठ पार गेला होता. एका कडेला नखभर सोनं काय ते उरलं होतं.

"अगं माजे बाई, काय करून बसलीस हे! पितळ हाय का ते? कुणी सांगितलं होतं हात लावाया?" तळपायाची आग मस्तकाला गेली होती त्यांची.

दिपालीचा चेहरा उतरला. "आमच्या माहेरी, पालीला, घरातला समदा पैसा घासून लक्ष्मीपुढं मांडतेत, आत्या. हितं ताट मांडताना मामा म्हनले, खापरं कशाला ठिवलीस. मी म्हनलं, लोकायनं ह्याच्यावर भाकर आणली असंल, मामा. मग लक्ष्मीच की ही."

वत्सलाबाईंनी पुन्हा ताटाकडं पाहिलं, आणि आता कुठं त्यांना ताट दिसलं. हाली रुपयांच्या बरोबरीनं त्यांची नाणी मांडलेली, प्रत्येकावर हळदीकुंकू. पाटावर मोहनराव खाली मान घालून बसलेले. त्यांनी एकही नाणं उचलून बाजूला ठेवलं नव्हतं.

जे एवढ्या संसारात झालं नाही ते ह्या पोरीनं एका दुपारात केलं होतं. वत्सलाबाईंना रागवायचं होतं, पण राग काही येईना.

"रडू नगंस," त्या सुनेला जवळ घेत म्हणाल्या. "गेला काठ तर गेला. पुढल्या साली नुसत्या पान्यानं धू. ये, आरती कर."

प्रदर्शनात त्यांनी तेच पदक मधोमध ठेवलं. कुंकूही पुसलं नाही. एक पाहुणे वाकून बघत म्हणाले, "सोनं उडालंय की हो ह्याचं. मग राहिलं काय? खापरच!"

वत्सलाबाईंनी पदर खोचला. आता ह्या माणसाची धडगत नव्हती. पण तेवढ्यात मोहनराव पुढं आले.

"खापर म्हनायचं काम न्हाई. आमच्या लक्ष्मीच्या ताटातलं हाय ते. सुनेनं घासून पुजलंय. ऐका!" आणि त्यांनी स्वतः पदकाला नखानं टिचकी मारली. असा खणकन आवाज आला की शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्या.

अभिमानानं वत्सलाबाईंचा ऊर भरून आला. पण गप्प बसतील तर त्या वत्सलाबाई कसल्या!

"आन इतकी वरसं तुमचे कान कुठं गेलते हो?" त्या म्हणाल्या, आणि खोचलेला पदर सोडून त्यानंच डोळे पुसले.